घराच्या पाहणीआधी नळकामाची डागडुजी: काय स्वतः करायचं आणि कुठे हात लावायचा नाही

भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट परत करण्याआधी मालक एकदा घर बघून जातात. फ्लॅट विकायला काढला असेल, तर खरेदीदार दुसऱ्या खेपेला ओळखीचा प्लंबर बरोबर आणतो. खालच्या मजल्यावर ओल उतरली असेल, तर सोसायटीची कमिटी येते. तिन्ही वेळी माणसं जवळजवळ तेच करतात. प्रत्येक नळ सोडून बंद करतात, फ्लश करून बघतात, सिंकखालचं कपाट उघडतात, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवतात आणि मान वर करून छत बघतात.

इथे सापडणारे बरेच दोष काही रुपयांच्या वायसरनं, टेपच्या एका रिळानं आणि अर्ध्या तासाच्या कामानं जातात. पण क्रम चुकतो. पाहणी ठरली की आधी रंगारी बोलावला जातो, ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढतो आणि पंधरा दिवसांत तिथेच फुगे येतात. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, मग ते थांबवा, भिंत वाळू द्या आणि रंगाचं नंतर बघा.

काम निदान दहा दिवस आधी सुरू करा. सिलिकॉन पूर्ण वाळायला २४ तास लागतात, टाइल्सचे सांधे भरण्याआधी बाथरूम कोरडं लागतं आणि एखादा सुटा भाग गावात न मिळाल्यास तो मागवायलाही वेळ हवा.

आधी जमवून ठेवायचं साहित्य

हत्यारं: ८ किंवा १० इंची अ‍ॅडजस्टेबल पान्हा, पक्कड, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, रबरी प्लंजर, जुना टूथब्रश, बॅटरी, बादली, जुनी फडकी आणि वर्तमानपत्र.

सामान: १२ मिमी रुंदीची टेफ्लॉन टेप (दोन रिळं), अर्धा इंची नळाचे रबरी वायसर, कनेक्शन पाइपचे वायसर, सॅनिटरी सिलिकॉनची एक नळी, मास्किंग टेप, टाइल ग्राउट (टाइल्सचे सांधे भरायचं मिश्रण) आणि लिंबूसत्त्व किंवा पांढरं व्हिनेगर.

कागद: करारासोबतची फिटिंग्जची यादी, घर ताब्यात घेतानाचे फोटो, नळांची आणि गिझरची बिलं, वॉरंटी कार्डं आणि गळतीबद्दल सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार. ताबा घेतानाच्या फोटोत बेसिनखाली ओलीचा डाग दिसत असेल, तर तो तुमच्या काळातला नाही हे दाखवायला तेवढा पुरावा पुरतो.

१. एक दिवस नुसतं बघा

पहिल्या दिवशी हत्यार हातात घेऊ नका. सिंक, बेसिन आणि कमोडमागच्या अँगल कॉकखाली (भिंतीतून निघणारा, पाणी बंद करायचा छोटा कॉक) जमीन पुसून कोरडी करा आणि वर्तमानपत्राचा एकेक ताव अंथरा. रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कागदावर गोल डाग दिसतील. डाग ज्या जोडाच्या बरोबर खाली आहे, तिथे गळतीचा संशय घ्या, पण लगेच खात्री धरू नका. पाणी पाइपावरून ओघळत सर्वांत खालच्या वळणावर येऊन टपकतं. म्हणून कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि वरून खाली एकेका नटाभोवती फिरवा. जिथे तो पहिल्यांदा भिजेल, तोच गळका जोड.

नळाच्या थेंबाचंही मोजमाप करा. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी वाया जातं. त्या धारेखाली बेसिनवर तपकिरी किंवा पांढरी रेघ उमटते आणि पाहणीला आलेल्या माणसाची नजर आधी तिकडे जाते.

सापडलेले दोष खोलीवार लिहून काढा. एका खोलीचं पाणी एकदा बंद केलं की तिथली सगळी कामं त्याच बैठकीत उरकतात.

२. पाणी कुठे बंद होतं ते शोधा

हे कळल्याशिवाय एकही नट सैल करू नका. फ्लॅटमध्ये बाथरूमचा कॉक बहुधा दाराच्या वर, शॉवरच्या बाजूला भिंतीत किंवा माळ्यावर असतो. स्वयंपाकघराचा कॉक सिंकखाली किंवा डक्टच्या (इमारतीचे उभे पाइप जातात ती पोकळी) बाजूला सापडतो. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा मुख्य व्हॉल्व्ह डक्टमध्ये किंवा गच्चीत असतो. तो वॉचमन किंवा सोसायटीच्या प्लंबरला विचारल्याशिवाय फिरवू नका, कारण त्याच पाइपवर शेजारचे फ्लॅटही असू शकतात.

कॉक बंद केल्यावर त्या खोलीतला सर्वांत खालचा नळ सोडा आणि धार पूर्ण थांबेपर्यंत थांबा. धार बारीक झाली पण थांबली नाही, तर कॉकच पाणी धरत नाही असं समजा. अशा वेळी नळ उघडलात तर बाथरूममध्ये कारंजं उडेल.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक. तो अडकलेला असतो आणि जोर लावला की दांडा तुटतो किंवा दांड्याजवळून पाणी झिरपू लागतं. पान्हा लावून हिसका देऊ नका. थोडं पुढे, थोडं मागे असं हातानं सैल करत आणा. तरी हलला नाही तर सोडून द्या आणि प्लंबरच्या यादीत टाका.

३. गळका नळ

नळ दोन प्रकारचे. ज्याची मूठ बऱ्याच वेळा फिरवावी लागते तो जुना, वायसरचा. ज्याची मूठ पाव फेऱ्यात उघडते तो सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा भाग आत अख्खा एकत्र बसवलेला. दुरुस्ती वेगवेगळी आहे.

वायसरचा नळ: पाणी बंद करा, नळ उघडून रिकामा करा आणि खालच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर सुटलेला स्क्रू सरळ मोरीत जातो. मुठीवरची लाल किंवा निळी टिकली सुरीच्या टोकानं उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ ओढून घ्या. आता दिसणारा मोठा नट पान्ह्यानं डावीकडे फिरवा आणि फिरवताना दुसऱ्या हातानं नळाचं अंग घट्ट धरून ठेवा. न धरल्यास सगळा जोर भिंतीतल्या जोडावर जातो.

स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकाचा रबरी वायसर उजेडात धरून बघा. झिजलेल्या वायसरवर एक खोल गोल खाच पडलेली असते, बांगडी दाबून उठवल्यासारखी. बऱ्याचदा त्या खाचेतच एका बाजूला रबर फाटलेलं असतं. थेंब तिथूनच येत होता. नवा वायसर अगदी त्याच मापाचा घ्या. जुना खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात न्या, तोंडी माप सांगून भलताच वायसर हातात पडतो. बसवण्याआधी करंगळी नळाच्या आत घालून वायसर ज्या कडेवर टेकतो ती चाचपा. ती खरखरीत किंवा खाचलेली लागली तर नवा वायसरही काही आठवड्यांत कापला जाईल. मग नळच बदलायचा.

परत बसवताना स्पिंडल अर्धा उघडा ठेवूनच मोठा नट आवळा. बंद स्थितीत आवळला तर नवा वायसर बसण्याआधीच चिरडतो.

पाणी तोंडातून न येता मुठीच्या मुळाशी येत असेल, तर दोष वायसरचा नाही, दांड्याभोवतीच्या भरणीचा आहे. तिथला छोटा नट थोडासाच, घड्याळाच्या पाच-सात मिनिटांएवढा आवळून बघा. जास्त आवळला की मूठ जड होते.

पाव फेऱ्याचा नळ: इथे कार्ट्रिज अख्खं बदलतात. जुनं सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: लांबी, दांड्यावरच्या दात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा. गरम आणि थंड बाजूची कार्ट्रिज उलट दिशेनं उघडतात. चुकीचं घेतलं तर मूठ उलटी चालते. एका दांडीच्या मिक्सरमध्ये कार्ट्रिज बहुतेक ३५ किंवा ४० मिमी व्यासाचं असतं. नामांकित कंपनीचा नळ असेल तर आधी बिल शोधा, कारण कार्ट्रिज वॉरंटीत बसू शकतं.

धार बारीक किंवा फाटलेली येत असेल, तर नळात काही बिघाड नाही, तोंडाशी असलेली जाळी क्षारांनी भरली आहे. फडकं गुंडाळून ती हातानं फिरवून काढा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून तासभर बुडवून ठेवा, मग टूथब्रशनं घासा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ही सफाई सगळ्याच नळांना लागते. शॉवरलाही हाच उपाय.

मुख्य कॉक पुन्हा सोडण्याआधी या जाळ्या काढलेल्याच ठेवा. बंद केलेल्या पाइपमधला गंज आणि गाळ पहिल्या धारेबरोबर येतो. आधी मिनिटभर पाणी वाहू द्या, मग जाळी लावा.

४. नळ किंवा अँगल कॉक बदलायचा असेल तर

पाइप कशाचा आहे ते आधी बघा. साधारण जुन्या इमारतीत लोखंडी, म्हणजे जीआय पाइप सापडतात. तिथे नळ आणि भिंत यांच्यामधला छोटा निपल (आटे असलेला जोडतुकडा) आतून गंजलेला असतो. नळ उलटा फिरवताना तो भिंतीतच तुटतो आणि दहा मिनिटांच्या कामाला टाइल फोडावी लागते. पाहणीला चार दिवस उरले असताना हा धोका पत्करू नका. जीआय असेल तर नळ प्लंबरकडूनच बदलून घ्या.

सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप असेल, तर भिंतीतला जोड पितळी आट्यांचा आहे ना ते नळ काढल्यावर बघा. प्लॅस्टिकचे आटे जास्त आवळले की चिरतात आणि ती चीर लगेच दिसत नाही, काही दिवसांनी भिंत ओली होते. सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) आणि धागा हा जोड लोखंडी पाइपसाठीच. प्लॅस्टिकच्या आट्यांत तो वापरू नका, धागा फुगून जोड फोडतो. तिथे फक्त टेफ्लॉन टेप.

टेप गुंडाळायची रीत अशी: नळाचे आटे आपल्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती उलगडून गोळा होते. पहिला आटा मोकळा सोडा. आपल्याकडची टेप पातळ असते, म्हणून १२ ते १५ वेढे द्या आणि प्रत्येक वेढा ताणून आट्यांत रुतवा. भिंतीतलं भोक झाकणारी चकती आधी नळावर घाला, मग नळ बसवा. नळ सरळ खाली येण्याआधीच घट्ट झाला, तर पूर्ण फेरा पुढे नेण्यासाठी जोर करू नका. थोडा पुढे गेला म्हणून मागेही फिरवू नका, कारण मागे घेतल्यावर टेप सैल पडते. सगळं काढा, वेढे कमी-जास्त करा आणि नव्यानं बसवा.

५. कनेक्शन पाइप

बेसिन आणि फ्लश टँककडे जाणारा लवचीक पाइप ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. जाळीदार स्टीलच्या पाइपवर गंजाचे ठिपके असतील किंवा टोकाशी जाळी फाटलेली असेल, तर तो बदला. तो एकदा फुटला की घरात कोणी नसताना पाणी वाहत राहतं. साधारण १८ आणि २४ इंची लांबी मिळते. पाइप ताणून बसणार नाही आणि दुमडणारही नाही, असा घ्या. पांढरा पीव्हीसी पाइप फक्त थंड पाण्याला चालतो. गिझरला तो लावला असेल तर आजच काढा, उष्णतेनं तो मऊ पडतो.

या पाइपच्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. त्यामुळे इथे टेफ्लॉन लावून उपयोग नाही. नट हातानं पूर्ण बसवा, मग पान्ह्यानं पाव फेरा. जास्त आवळल्यावर वायसर फाटतो आणि आधी न गळणारा जोड गळू लागतो.

जेट स्प्रे टपकत असेल, तर त्याच्या टोकाचा वायसर बदलून बघा. टपकणं थांबलं नाही तर नवा स्प्रे घ्या. वापरानंतर त्याचा अँगल कॉक बंद करायची सवय ठेवा, म्हणजे नळीवर सतत दाब राहत नाही.

६. फ्लश टँक

फ्लशची गळती आवाज न करता होते, म्हणून ती राहून जाते. रात्री झोपताना टाकीत जिलबीला वापरतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी रंगलं तर टाकीच्या तळाचं सील गळतंय. रंग नसेल तर कमोडची मागची आतली बाजू पुसून कोरडी करा आणि तिथे टिश्यू पेपर चिकटवा. तो वरून भिजत आला की तीच खूण.

झाकण उघडून आधी पाण्याची पातळी बघा. मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून पाणी आत सांडत असेल, तर सील ठीक आहे, फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन भरणं थांबवणारा तरंगता भाग) जास्त वर आहे. फ्लोटचा स्क्रू फिरवून पाणी नळीच्या तोंडापेक्षा साधारण एक इंच खाली थांबेल असं करा. एवढ्यावर काम होतं आणि खर्च शून्य.

पातळी बरोबर असूनही गळत असेल, तर अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा आणि दोन बटणांचा फ्लश व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून वर उचला. बऱ्याच टाक्यांत तो असाच निघतो. त्याच्या तळाशी एक पातळ रबरी कडं असतं. त्यावर बुळबुळीत थर किंवा क्षारांचे कण असतात. कडं काढून धुवा, टाकीतली बसायची जागाही बोटानं पुसा आणि परत बसवा. रबर कडक झालं असेल किंवा वाकडं राहत असेल तर नवं घ्या. टाकीवरचं कंपनीचं नाव आणि कड्याचा फोटो घेऊन दुकानात जा.

टाकी भरायला खूप वेळ लागत असेल, तर फ्लोट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती वाळूनं भरलेली असणार. ती काढून धुतली की टाकी पूर्वीसारखी भरते.

टाकी भिंतीत बसवलेली असेल, तर बटणांची पट्टी निघते आणि आतला व्हॉल्व्ह तिथूनच काढता येतो. पण जागा अरुंद असते आणि प्लॅस्टिकचे खटके तुटतात. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम त्या कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

७. सिंक, बेसिन आणि तुंबलेलं पाणी

इथली चाचणी बारीक धारेवर होत नाही. सिंकला बूच लावून काठोकाठ भरा, मग बूच एकदम काढा आणि खाली बॅटरी धरून बघा. पूर्ण लोंढा जातानाच गळती दिसते. पाहणीला आलेला जाणता प्लंबर नेमकं हेच करतो.

सिंकच्या भोकाशी पाणी झिरपत असेल, तर कपलिंग (भोकात बसणारा, खाली पाइप जोडायचा भाग) सैल आहे किंवा खालचा रबरी वायसर गेलाय. कपलिंग काढा, जुनं सिलिकॉन खरवडा, जागा पूर्ण कोरडी करा, वरच्या कडेखाली सिलिकॉनचं सलग वर्तुळ द्या आणि खालून वायसर घालून नट आवळा. २४ तास सिंक वापरू नका.

वेस्ट पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपात जिथे शिरतो, तिथे बहुतेक घरांत फट उघडीच असते. झुरळं आणि वास तिथूनच येतात. त्या मापाचं रबरी कडं मिळतं, ते बसवा. सिमेंटनं बुजवू नका, पुढच्या वेळी पाइप काढताना सगळंच फोडावं लागतं.

बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपची वाटी हातानं फिरवून निघते. आधी बादली ठेवा. आत केस, साबणाचा गाळ आणि कधी कधी कानातलंही सापडतं. धुऊन वाटीचं रबर नीट खाचेत बसवा आणि हातानंच आवळा. तिरका आटा बसला तर तिथूनच पाणी येतं, म्हणून आधी उलटं फिरवून टक् असा आवाज आला की मग सुलटं फिरवा.

पाणी तुंबत असेल तर प्लंजर वापरा, पण बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं बंद करून. ते उघडं राहिलं तर सगळा दाब तिथून निघून जातो. स्वयंपाकघरात तेलकट थर असेल तर गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड वापरा. उकळतं पाणी मात्र नको, पीव्हीसीचे पाइप आणि जोड त्यानं मऊ पडतात.

ड्रेन साफ करायची पूड टाकली असेल, तर त्यावर अ‍ॅसिड ओतू नका. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. अ‍ॅसिडनं नळ घासणंही टाळा, क्रोमचा मुलामा उडून नळ कायमचा काळवंडतो.

८. न्हाणी ट्रॅप आणि वास

बाथरूमच्या जाळीखाली न्हाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिमी पाणी कायम साचून राहावं लागतं. हे पाणीच सांडपाण्याच्या पाइपमधला वास अडवतं. जाळी उचला, आतली वाटी बाहेर काढा, केस आणि गाळ साफ करा आणि वाटी आठवणीनं परत बसवा. पाणी लवकर जावं म्हणून ही वाटी फेकून देणारे बरेच जण आहेत. मग घरभर वास येतो आणि कारण कळत नाही.

घर काही दिवस रिकामं असेल तर हे पाणी उडून जातं. सामान हलवून तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात आणि पाहणी पंधरा दिवसांनी आहे, तर दार उघडताच सांडपाण्याचा वास येईल. घर बंद करताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडं तेल ओता. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. बाल्कनीची आणि वॉशिंग मशीनची जाळी विसरू नका.

९. टाइल्सचे सांधे

भेगाळलेल्या सांध्यावरून व्हाइट सिमेंटचा हात फिरवायचा, हा सर्रास होणारा प्रकार टिकत नाही. पातळ थर सुकताना आक्रसतो आणि सुटतो. जुना भराव निदान २ ते ३ मिमी खोल खरवडून काढा, धूळ ब्रशनं झाडा, एक-दोन दिवस बाथरूम कोरडं ठेवा आणि मग ग्राउट दाबून भरा. न्हाणीच्या जाळीभोवती आणि शॉवरखाली इपॉक्सी ग्राउट वापरणं चांगलं. ते महाग पडतं आणि लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवा.

जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा, तसंच कमोड आणि बेसिनची कड सिलिकॉननं भरा. जुनं सिलिकॉन पूर्ण काढा, कारण जुन्यावर नवं चिकटत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एकसारखी रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा.

१०. गिझर

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडणं स्वाभाविक आहे. ते बघून कोणी त्या व्हॉल्व्हला बूच मारतं. असं कधीही करू नका. आतला वाढलेला दाब तिथूनच निघतो, ती वाट बंद झाली तर टाकी फुटू शकते. धार सतत लागून असेल तर गिझर बंद ठेवा आणि कंपनीच्या मेकॅनिकला बोलवा.

तुम्ही करायचं ते एवढंच: एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) पाडून, गिझरच्या दोन्ही पाइपचे जोड आणि अँगल कॉक कोरडे आहेत का ते बघा. गंजाचे ओघळ टाकीच्या तळाच्या शिवणीतून येत असतील, तर टाकी गेली. त्यावर कुठलाही लेप टिकत नाही.

११. भिंतीवरची ओल: पाणी कोणत्या पाइपचं?

ओलसर डागाचा आकार पेन्सिलनं आखा आणि तारीख लिहा. मग त्या बाथरूमचा कॉक रात्रभर बंद ठेवा आणि बाथरूम वापरू नका. पुढचे दोन-तीन दिवस डाग बघत राहा. डाग वापर असो नसो, सारखाच वाढत असेल आणि कॉक बंद असताना थांबत असेल, तर भिंतीतला दाबाचा, म्हणजे नळाला पाणी आणणारा पाइप फुटलाय. अंघोळीनंतरच वाढत असेल, तर दोष सांडपाण्याच्या पाइपचा, न्हाणी ट्रॅपभोवतीचा किंवा टाइल्सच्या सांध्यांचा. फक्त पावसात वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची बघा.

हे वेगळं करणं पैशाच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची असते. तुमच्या फ्लॅटच्या आतल्या नळकामाचा खर्च तुमचा. डागाचे तारखेसह फोटो असतील, तर कमिटीपुढे बोलणं सोपं जातं.

जाळी बंद करून बाथरूममध्ये पाणी साठवायची चाचणी करायची असेल, तर आधी खालच्या मजल्यावर सांगून या. गळती असेल तर ती त्यांच्या छतातून उतरणार.

ओल थांबली तरी भिंत वाळायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. तेवढा वेळ नसेल तर पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा आणि दुरुस्तीचं बिल दाखवा. घर विकत असाल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार तुम्हाला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. भाडेकरू असाल तर भिंतीतली गळती दिसल्याच्या दिवशीच मालकांना लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तरी नोंद राहते.

१२. प्लंबरला द्यायची कामं

भिंतीतले पाइप, जीआय पाइपवरचे नळ, कन्सिल्ड डायव्हर्टर (नळ आणि शॉवर यांच्यात पाणी वळवणारा, भिंतीत बसवलेला भाग), कमोड हलवणं, डक्टमधले उभे पाइप आणि गिझरचा आतला भाग. सगळी यादी एकत्र करून एकाच दिवशी बोलवा आणि मजुरी कामागणिक आधी ठरवा. काढलेले जुने भाग मागून घ्या. बदललेल्या वस्तूचं बिल आणि जुना भाग शेजारी ठेवून फोटो काढा. भाड्याच्या घरात मालकांनी लावलेला जुना नळ फेकून देऊ नका, पिशवीत घालून त्यांना परत करा.

१३. आदल्या दिवशी

मुख्य कॉक पूर्ण उघडा आहे ना आणि गच्चीवरची टाकी भरलेली आहे ना ते बघा. पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील तर पाहणीची वेळ त्यात बसवा, कोरड्या नळावर कोणालाच काही तपासता येत नाही. पहिल्या दिवसासारखेच वर्तमानपत्राचे ताव पुन्हा अंथरा आणि सकाळी उचला. कोरडे असतील तर सिंकखालचं सामान हलवून जागा मोकळी ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला वाकून दिसेल. प्रत्येक कॉकवर कागदी चिठ्ठी चिकटवा: ‘स्वयंपाकघर’, ‘मोठं बाथरूम’, ‘गिझर’. नवीन राहायला येणाऱ्याला गळतीच्या वेळी सगळ्यात आधी तेच शोधावं लागतं. आणि गिझर अर्धा तास आधी लावा, गरम पाण्याचा नळ सोडून बघणारच.